डाउनलोड केलेला व्हिडिओ घरच्या डीव्हीडी प्लेयरवर काऊन लागत नाही अन् लावायचा कसा

पेनड्राइव्ह लावला, प्लेयरनं फाईलचं नाव बरोबर दाखवलं, प्ले दाबलं अन् स्क्रीनवर 'अनसपोर्टेड फॉरमॅट'. नाहीतर आवाज येऊन राह्यला पण चित्र काळं, नाहीतर चित्र मस्त पण सगळे मुके. मग बहुतेक जण काय करतात, फाईलच्या नावामागचं एमपी४ खोडून तिथे एव्हीआय लिहितात अन् पुन्हा लावून पाहतात. त्यानं काही होत नाही भाऊ, आधी निदान नाव तरी खरं होतं.

एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही हे नुसतं वरचं खोकं आहे. आत चित्र एका कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत) असते अन् आवाज दुसऱ्यात, आणि प्लेयरमधली चिप आतलं पाहून ठरवते जमते का नाही ते. डीव्हीडी प्लेयर पहिल्यांदा १९९६ मध्ये जपानात विकायला आले तेव्हा त्यांचं कोडेक होतं एमपेग-२, आणि ते आजही प्रत्येक प्लेयरला येतेच येते. पुढे कंपन्यांनी डिव्हएक्स अन् एक्सव्हिड ही कोडेक वाचणाऱ्या चिपा टाकल्या, यूएसबीचं भोक दिलं, अन् डब्यावर मोठ्या अक्षरात 'एमपेग४' छापलं. आता घोळ इथेच आहे. तो एमपेग-४ म्हणजे पार्ट २, १९९९ चा. आज मोबाईलमधून, व्हॉट्सॲपवरून, नेटवरून जे येते ते बहुतेक एच.२६४ असते, तेही एमपेग-४ च म्हणवते पण पार्ट १०, २००३ चं, अन् ते उलगडायला जी ताकद लागते ती साध्या डीव्हीडी प्लेयरच्या चिपेत नसते. नवीन फोन तं एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतात, ते २०१३ चं, म्हणजे अजूनच लांबची गोष्ट. म्हणून नागपुरात बर्डीवरचा दुकानदार 'हो हो, एमपी४ चालते' म्हणतो ना, तो खोटं नाही बोलत, पण तुमची फाईल चालणार नाही हेही खरंच.

हे सगळं करायच्या आधी एकदा टीव्हीच्या मागे हात घालून पाहा. टीव्ही एलईडी असेल अन् मागे यूएसबी असेल तं एच.२६४ वाली एमपी४ फाईल थेट टीव्हीवरच लागून जाते, प्लेयरची भानगडच नाही, काम झालं, पुढचं वाचू नका. पण मोठा डब्बा टीव्ही असेल, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला प्लेयरचाच रिमोट कळत असेल, किंवा फाईल गावी कोणाला डिस्कवर पाठवायची असेल तं मग प्लेयरच्याच भाषेत फाईल बनवून द्यावी लागते.

आणि फाईल म्हणजे खरंच फाईल पाहिजे. यूट्यूबच्या ॲपमध्ये जे 'डाउनलोड' होते ते ॲपच्या बाहेर निघत नाही, ओटीटीवाल्यांचंही तसंच, कुलूप लावलेलं असते अन् ते तोडायच्या नादी लागू नका. घरचे लग्नाचे व्हिडिओ, नातेवाइकांनी ड्राइव्हवर टाकलेलं बारशाचं शूटिंग, भजनी मंडळानं स्वतःच वाटलेली खंजिरी भजनं, नाटक मंडळीकडून रीतसर घेतलेलं झाडीपट्टीचं नाटक, अन् जुने सिनेमे. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे पन्नाशीच्या दशकातले सिनेमे आता मोकळे झालेत, इंटरनेट अर्काइव्हवर बरेच सापडतात. एवढ्यातच भरपूर पाहून होते.

आता पहिलं काम, आत काय आहे ते पाहणं. कॉम्प्युटरवर व्हीएलसी असेलच, फाईल उघडा, वर टूल्समध्ये जाऊन कोडेक इन्फर्मेशन दाबा. तिथे स्ट्रीम शून्य, स्ट्रीम एक असं येते, एकात व्हिडिओ अन् दुसऱ्यात ऑडिओ. तीन गोष्टी पाहून घ्या: व्हिडिओचं कोडेक कोणतं, रिझोल्यूशन किती, अन् ऑडिओचं कोडेक कोणतं. व्हिडिओ एक्सव्हिड किंवा डिव्हएक्स आहे, रिझोल्यूशन ७२० बाय ५७६ च्या आत आहे, ऑडिओ एमपी३ किंवा एसी३ आहे, खोकं एव्हीआय आहे, तं फाईल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाका, लागायला पाहिजे. यातलं एकही हुकलं की बोंबललं. ऑडिओ एएसी असेल तं चित्र लागते अन् आवाज नाही, डीटीएस असेल तरी तेच. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० असेल तं कोडेक बरोबर असूनही प्लेयर 'रिझोल्यूशन नॉट सपोर्टेड' म्हणून हात वर करतो.

मग बदलायचं कसं. दोन रस्ते आहेत, एक एक्सव्हिडची एव्हीआय बनवून पेनड्राइव्हवर टाकायची, दुसरा चक्क डीव्हीडी बनवायची. माझं विचाराल तं प्लेयर तुमच्याच घरचा आहे, यूएसबी आहे अन् आठवड्याला काही ना काही पाहायचं असते, तेव्हा पहिला रस्ता. दुसऱ्याला द्यायची असेल, समोरचा प्लेयर कोणता ते माहीत नसेल, किंवा आजोबांसाठी असेल तेव्हा डीव्हीडीच बनवा, तिला कोडेक-बिडेक काही विचारावं लागत नाही, आत टाकली की आपोआप सुरू होते, पेनड्राइव्हसारखं रिमोटवरचं यूएसबीचं बटण शोधत बसावं लागत नाही.

पहिल्या रस्त्यासाठी एव्हीडेमक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यावर चालते. पुष्कळ लोक हँडब्रेक सांगतात, सॉफ्टवेअर चांगलंच आहे, पण त्यातून एव्हीआय निघत नाही, ते कधीचंच बंद केलं त्यांनी, त्यामुळे या कामाला त्याचा उपयोग नाही. समजा झाडीपट्टीच्या नाटकाची एक तीन तासांची फाईल आहे, एमपी४, १२८० बाय ७२०, एच.२६४, ऑडिओ एएसी. एव्हीडेमक्समध्ये ती उघडली की डावीकडे वरून खाली तीन खण दिसतात, व्हिडिओ आऊटपुट, ऑडिओ आऊटपुट, आऊटपुट फॉरमॅट, अन् वरच्या दोन्हीत 'कॉपी' असं लिहिलेलं असते. व्हिडिओमध्ये एमपेग४ एएसपी एक्सव्हिड निवडा, ऑडिओमध्ये एमपी३ लेम, अन् खाली एव्हीआय मक्सर. मग व्हिडिओखालच्या फिल्टर्समध्ये जाऊन रिसाइज घ्या अन् ७२० बाय ४०० करा. चारशेच काऊन, तं आकडे सोळानं भाग जाणारे ठेवलेले बरे असतात अन् रुंद स्क्रीनच्या चित्राला हे माप जवळपास बरोबर बसते. जुनं चौकोनी चित्र असेल तं ६४० बाय ४८०.

व्हिडिओच्या कॉन्फिगरमध्ये क्वार्टर पिक्सेल अन् जीएमसी असे दोन प्रकार दिसले अन् त्यावर टिक असेल तं काढून टाका. कॉम्प्युटरवर त्यानं चित्र थोडं बरं येते पण प्लेयरच्या चिपेला ते झेपत नाही, चित्र थरथरते नाहीतर चौकडे-चौकडे पडतात अन् माणूस समजतो पेनड्राइव्ह खराब आहे. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्चायचा ते, १२०० किलोबिटच्या आसपास ठेवला तं दोन तासांच्या व्हिडिओची फाईल साधारण सव्वा जीबी होते, तीन तासांचं नाटक पावणेदोन-दोन जीबीत बसते. तिन्ही खण भरून झाले की सेव्ह करा अन् कॉम्प्युटरला त्याचं काम करू द्या, जुन्या लॅपटॉपवर बराच वेळ लागते, जेवून-खाऊन या. आणि अख्खं नाटक टाकायच्या आधी पाच मिनिटांचा तुकडा कापून प्लेयरवर लावून पाहा न, एव्हीडेमक्समध्ये ए अन् बी अशा खुणा मारून तुकडा निघते. तुकडा लागला तं सगळं लागते.

मोबाईलच्या व्हिडिओत एक वेगळीच कटकट आहे. फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, सतत वर-खाली करत राहतो, त्यामुळे रूपांतर केल्यावर सुरुवातीला ओठ अन् आवाज जुळतात अन् अर्ध्या तासानं नवरदेव हार घालून राह्यला अन् मंगलाष्टकं मागे पडलेली. फ्रेम रेट आधीच एकसारखा २५ करून घ्या. हे काम हँडब्रेक बरं करते, तिथे कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडता येते, म्हणजे आधी हँडब्रेकमधून काढून मग एव्हीडेमक्समध्ये न्या, दुप्पट काम आहे पण लग्नाच्या व्हिडिओला तेवढं केलंच पाहिजे. उभा धरून काढलेला व्हिडिओ असेल तं दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या जोडून घ्या, नाहीतर प्लेयर त्याला आडवा ताणतो अन् वऱ्हाडी मंडळी सगळी फुगलेली दिसतात.

आता पेनड्राइव्ह. निम्म्या लोकांची फाईल बरोबर असते अन् पेनड्राइव्ह चुकीचा फॉरमॅट केलेला असते. जुन्या प्लेयरला फॅट३२ लागते, एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तं 'नो डिस्क' नाहीतर 'नो यूएसबी' येते. कॉम्प्युटरमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट, तिथे फॅट३२ निवडा, आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा कारण ते पुसलं जाते. विंडोजच्या त्या खिडकीत फॅट३२ चा पर्याय ३२ जीबीपर्यंतच्या पेनड्राइव्हलाच मिळत आलेला आहे, अन् प्लेयरलाही तेवढाच झेपतो, त्यामुळे १२८ जीबीचा महागडा घेऊन काही फायदा नाही, आठ-सोळा जीबीचा जुना पडला असेल तोच काढा. फॅट३२ मध्ये एक फाईल ४ जीबीच्या वर बसत नाही हेही लक्षात ठेवा, पण एक्सव्हिड केल्यावर एवढी मोठी फाईल होतच नाही.

फाईलची नावं इंग्रजी अक्षरांत अन् छोटी ठेवा. मराठीत 'आजीची भजनं' लिहिलं तं प्लेयरवर चौकोन नाहीतर आडव्या रेघा दिसतात, कधी फाईल दिसतच नाही. नावाआधी ०१, ०२ असे आकडे टाका, पण आकडे इंग्रजीतले. कित्येक प्लेयर नावाप्रमाणे नाही, ज्या क्रमानं फायली कॉपी केल्या त्या क्रमानं लावतात, म्हणून भागवत सप्ताहाचे सात दिवस असतील तं पहिल्या दिवसापासून एक-एक करून टाका, सगळे एकदम ओढून टाकले की तिसऱ्या दिवसानंतर सहावा लागतो अन् घरात ओरड सुरू. मॅकवरून कॉपी केलं तं टिंब अन् रेघेनं सुरू होणाऱ्या फालतू फायली सोबत येतात, त्या काढून टाका, प्लेयर त्याच उघडायला जाऊन अडकतो.

सबटायटल इंग्रजी असेल तं एसआरटी फाईलचं नाव व्हिडिओसारखंच ठेवून बाजूला टाका, डिव्हएक्सवाले बरेच प्लेयर उचलतात. मराठी सबटायटल असेल तं ती आशा सोडा, प्लेयरमध्ये देवनागरीचा फॉन्ट नसते, ते चित्रातच छापून घ्यावं लागते, अन् याही कामाला हँडब्रेक चांगलं आहे, त्यात सबटायटलपुढे 'बर्न इन' म्हणून टिक असते. कॉम्प्युटरवर जोडाक्षरं नीट येतात का ते एक-दोन मिनिटं पाहून घ्या मगच पुढे जा.

दुसरा रस्ता, डीव्हीडी. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते असं, की एमपी४ फाईल कोऱ्या डिस्कवर नुसती कॉपी करतात अन् म्हणतात डीव्हीडी बनवली. ती डेटा डिस्क झाली. खऱ्या डीव्हीडीत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर असते अन् त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फायली, व्हीओबी प्रत्येकी १ जीबीपर्यंतच्या. हे हातानं बनवायची गरज नाही, डीव्हीडी स्टायलर हे फुकटचं सॉफ्टवेअर सगळं करून देते, फाईल एच.२६४ असो की काही असो, आत ओढून टाका, ते स्वतःच एमपेग-२ करून घेते. सुरुवातीलाच ते विचारते: डिस्क किती मोठी, ४.७ जीबी सांगा, व्हिडिओ फॉरमॅट, आपल्याकडे पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ अन् सेकंदाला २५ फ्रेम, आस्पेक्ट रेशो, आजकालच्या व्हिडिओला १६:९, ऑडिओ एसी३. एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानवाली पद्धत, चुकून राहिली तं जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येते, नाहीतर वर सरकत राहते. बिटरेट ऑटो वर सोडा. मेन्यूची फुलं-पानं नको असतील तं 'नो टेम्प्लेट' घ्या, आजोबांसाठी तेच बरं, डिस्क टाकली की थेट भजन.

एका डिस्कवर किती मावते हे मात्र समजून घ्या. ४.७ जीबी कॉम्प्युटरवर ४.३७ दिसते, कंपनीनं फसवलं असं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. दोन तास टाकले तं सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वाट्याला येतात, चित्र छान राहते. तीन तास टाकले तं साडेतीनच्या खाली जाते, गर्दीच्या सीनमध्ये चौकडे दिसू लागतात. चार-पाच तास कोंबायचा मोह होते, करू नका, दोन डिस्का करा. आणि लहान, कमी रिझोल्यूशनची व्हॉट्सॲपवाली फाईल डीव्हीडी केली म्हणून स्वच्छ होत नाही, जे आहे तेवढंच दिसणार.

डीव्हीडी स्टायलरमध्ये बर्न करताना आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाईल) बनवायचा पर्याय घ्या, मग ती आयएसओ व्हीएलसीमध्ये उघडून पाहा, सगळं ठीक असलं तरच डिस्कवर चढवा, कोरी डिस्क वाया जात नाही. चढवायला इमगबर्न चांगलं आहे, २०१३ पासून नवीन आवृत्ती नाही आली त्याची पण काम चोख. स्पीड सगळ्यात जास्त ठेवू नका, १६ एक्सची डिस्क असली तरी ८ नाहीतर ४ वर लिहा, अन् शेवटी व्हेरिफाय करू द्या. डिस्क फायनलाइज, म्हणजे लिहून झाल्यावर बंद, झालीच पाहिजे, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरवर लागते अन् प्लेयरवर लागत नाही. डिस्क डीव्हीडी-आर घ्या, वजा वाली, जुने प्लेयर तिला जास्त मानतात. आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहायची डिस्क स्वस्तात पडते असं वाटते पण तिच्यावरून उजेड कमी परततो अन् म्हातारी लेन्स ती वाचायला कुरकुर करते. आता नव्या लॅपटॉपला रायटर नसते, बाहेरून यूएसबीला जोडायचा मिळतो. कोऱ्या डिस्का सुट्या मिळाल्या नाहीत तं बर्डीवर किंवा इतवारीत होलसेलवाल्याकडे विचारा, पन्नासची चळत मिळते, पण चळतीतली एक आधी लिहून पाहिल्याशिवाय बाकीच्यावर जीव टाकू नका.

लिहिलेली डिस्क नागपूरच्या उन्हाळ्यात जपावी लागते. विकत आणलेल्या सिनेमाच्या डिस्कवर माहिती ठसा मारून दाबलेली असते, घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असते अन् तो उष्णतेनं, उजेडानं खराब होतो. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा असताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तं वाकतेही. प्लेयर कूलरच्या झोतात ठेवू नका, तो ओलावा अन् धूळ दोन्ही आत जाते. डिस्कवर नाव बॉलपेननं लिहू नका, मार्करनं लिहा.

सगळं बरोबर असून स्क्रीन काळीच असेल तं तारा पाहा. पिवळी-लाल-पांढरी तार लावली आहे अन् प्लेयरच्या सेटिंगमध्ये प्रोग्रेसिव्ह किंवा पी-स्कॅन चालू आहे, तं पिवळ्या तारेतून काहीच येत नाही, रिमोटवर व्ही-मोड नाहीतर पी-स्कॅनचं बटण दाबून पाहा. संवाद एकदम बारीक अन् गाणी धाडधाड असं होत असेल तं ऑडिओ ५.१ म्हणजे सहा स्पीकरवाला आहे, रूपांतर करतानाच स्टिरिओ करा. विकतची विदेशी डीव्हीडी 'रिजन एरर' दाखवते, भारत रिजन ५ मध्ये येतो, पण तुम्ही घरी बनवलेल्या डिस्कला रिजन नसतोच, तिथे हा एरर आला तं कारण वेगळं शोधा.

ब्लू-रे प्लेयर असेल तं यातलं अर्धं विसरून जा, त्यात एच.२६४ असतेच, बहुतेकांच्या यूएसबीवर एमकेव्हीही लागते, फक्त एच.२६५ बदलून घ्या, ती ४के वाल्यालाच जमते.

आणि पेनड्राइव्ह लागतो, विकतची डिस्क लागते, पण घरी लिहिलेली एकही लागत नाही, असं असेल तं दोष फाईलचा नाही, लेन्स थकली आहे. आधी क्लीनर डिस्क फिरवून पाहा. नाहीच झालं तं लेन्स बदलायला किती घेणार ते आधी विचारून घ्या, जुन्या प्लेयरला तेवढा खर्च परवडत नाही, चालू आहे तोवर यूएसबीवरच वापरा.